कमरेच्या उंचीवरची रेघ

"आजी, पायऱ्या चढताना अडचण येते? अजिबात नाही, थोडी, खूप, की चढताच येत नाही?"

"अजिबात नाही," मी बजावले.

स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "अहो आई, दिवाणखान्याला रंग दिल्यापासून गच्ची पाहिली नाहीत तुम्ही!"

"तुला कोणी विचारलं?"

सर्वेक्षणाला आलेली मुलगी हसली. "ताई, ज्याचं उत्तर त्यानंच द्यायचं, असा नियमच आहे. आजी सांगतील तेच मी लिहिणार."

हा नियम पन्नास वर्षांपूर्वी नव्हता. याच खोलीत तेव्हा एक कारकून कागद घेऊन आला होता. त्याने सगळ्या घरासाठी मिळून सासूबाईंना एकदाच विचारले, "कोणी आंधळं, बहिरं, पांगळं?"

"आमच्याकडे तसलं कोणी नाही," सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या.

आतल्या खोलीत वन्सं, माझ्या थोरल्या नणंदबाई, हाताचे शिवणयंत्र थांबवून बसल्या होत्या. लहानपणीच्या तापात त्यांचा एक पाय लुळा पडला होता. भिंतीला तळवा टेकत त्या घरभर वावरत. कमरेच्या उंचीवर त्या हाताची काळसर रेघच उमटली होती. माझ्या ओठांशी शब्द आला होता. मी नवी सून, तो गिळला.

कारकून गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, ऐकलंस ना? मी या घरात नाहीच. आजची भांडी तुझी एकटीची!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या संध्याकाळी मात्र यंत्राचा आवाज आला नाही.

पुढे माझ्या तिन्ही मुलांचे शाळेचे कपडे त्यांनीच शिवले. काजे अशी की बटणाने कधी हट्ट केला नाही. त्यांना जाऊन आता वीस वर्षे झाली.

"मुली, गेलेल्या माणसाची नोंद होते का गं यात?"

"नाही आजी. सध्या घरात राहतात त्यांचीच."

"मग माझी तरी खरी कर. पायऱ्या. खूप अडचण. लिहिलंस?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

मुलीला दारापर्यंत पोचवायला मी उठले. सून धावत आली. तिला मी नजरेनेच थांबवले. भिंतीला रंग देऊन वर्षही झाले नव्हते, तरी कमरेच्या उंचीवर पुन्हा एक पुसट रेघ दिसू लागली होती. तिच्यावर तळवा टेकून मी सावकाश दाराकडे निघाले.