सहीशिवाय चढलेलं पान

छापखान्यात प्रूफं तपासायचं काम तिचं, म्हणून तिला सगळे प्रूफबाई म्हणत. तिच्या सहीशिवाय एकही पान मशीनवर चढायचं नाही असा नियम होता, आणि फोरमनच्या चुका ती नऊ वर्षं गाजावाजा न करता निस्तरत आली होती. तिचा धर्म बाकीच्यांहून वेगळा. दुपारी दहा मिनिटं ती कागदाच्या गठ्ठ्यांमागे आईने शिवलेलं कापड अंथरून प्रार्थना करायची. ते फोरमनच्या डोळ्यांत सलायचं. तो तिच्या पुटपुटण्याची नक्कल करायचा, नि चार टाळकी खिदळायची. तिने मालकांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, थट्टामस्करी चालायचीच, एवढं मनाला लावून घेऊ नका.

मग एके दिवशी ते कापड शाईने बरबटलेलं सापडलं. फोरमनने त्या कापडाने मशीनचे रूळ पुसले होते. चिंधी वाटली, असं सांगून तो वर हसला. त्या दिवसापासून तिने त्याच्यावर दात धरला.

महिनाभरात मालकांच्या दिवंगत वडिलांवरचं पुस्तक छापायला आलं. मुखपृष्ठाची अक्षरं जुळवून झाली तेव्हा ती प्रार्थनेला निघाली होती. दहा मिनिटं थांबा, येऊन बघते, म्हणाली.

"तुमच्या पुटपुटण्यासाठी मशीन थांबणार नाही," फोरमन सगळ्यांदेखत म्हणाला. "तुमच्या सहीवाचून कुणाचं अडत नाही."

ती परतली तेव्हा मशीन धडधडत होतं. तिने एक प्रत उचलली. ठळक अक्षरांत छापलं होतं, 'एका चोर माणसाची जीवनकथा'. थोरचा चोर झाला होता. मशीन बंद करायचं बटण हाताशीच होतं. तिने प्रत होती तिथे ठेवली, जागेवर जाऊन बसली आणि दोन हजार प्रती निघेपर्यंत सावकाश पेन्सिलींना टोकं काढत राहिली. इतकी गोड दुपार तिने कित्येक वर्षांत अनुभवली नव्हती.

संध्याकाळी मालकांनी पुस्तक बघायला आलेल्या आपल्या बहिणीसमोर गठ्ठा सोडला नि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. फोरमनने प्रूफबाईकडे बोट दाखवलं. तिने प्रूफावरची सहीची कोरी जागा पुढे केली. काय घडलं ते खिदळणाऱ्या त्याच चौघांनी शब्दन्‌शब्द सांगून टाकलं. फोरमनची रवानगी गठ्ठे बांधायला झाली.

जाताना तो तिच्यापाशी थांबला. "तुम्ही पाहिलं होतंत ना?"

"परत आल्या आल्या."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दहा मिनिटं मशीन बंद राहू लागलं. कुणी हसेना, कुणी तिच्या नजरेला नजरही देईना. तिला हवा होता मान, पदरात पडली भीती. तिने तीही ठेवून घेतली. तिच्या प्रार्थनेत वैऱ्याला क्षमा करण्याची एक ओळ होती. तेवढी गाळून ती पुढे गेली.