पॅच बसला, भट्टी विझली

अमेरिकेतल्या कडाक्याच्या थंडीच्या डुलुथमधल्या आमच्या कंपनीत इमारतींची हीटिंग चालवणारं सॉफ्टवेअर बनतं. त्याचा कोड ठेवायच्या दोन रिपॉझिटरी, म्हणजे कोठारं: एक घरांसाठी, एक मोठ्या इमारतींसाठी. आतला कोड बहुतेक एकच. पूर्वी फोल्डरही सारखेच होते. मग वेंडेल क्रॅबट्री आमचा साहेब झाला. कुठल्याशा परिषदेत त्याला शिस्तीचा साक्षात्कार झाला आणि परत आल्याआल्या त्याने इमारतींच्या रिपॉझिटरीतले फोल्डर हलवले, नावं बदलली, एकात एक कोंबले. आधीची मांडणी टाकवेना, म्हणून तिची फाइलींसकट एक प्रत 'जुने' नावाच्या फोल्डरात जशीच्या तशी ठेवली. सॉफ्टवेअर ती वापरतच नव्हतं. घरांच्या रिपॉझिटरीपर्यंत पोचेस्तोवर त्याचा उत्साह मावळला, हे आमचं नशीब.

जानेवारीत आमच्यातल्या मार्लिस टोर्व्हिनेनला घरांच्या कोडमध्ये एक चूक सापडली; फोल्डर हलण्याच्या थोडंच आधी ती दोन्हीकडे शिरली होती. बाहेरचं तापमान उणे तीसच्या खाली गेलं की सॉफ्टवेअरला वाटायचं, तापमापकच बिघडला. आणि खबरदारी म्हणून ते घर तापवणारी भट्टीच बंद करायचं. डुलुथकरांची इतकी काळजी आजवर कुणी घेतली नसेल. मार्लिसने चूक सुधारली, त्या बदलाचा पॅच, म्हणजे कुठल्या फाइलीत कुठल्या ओळी बदलायच्या त्याची यादी, काढला आणि तोच इमारतींच्या कोडला लावायला गेली. उत्तर आलं: अशी फाइल नाही.

"नसणारच," ती वेंडेलला म्हणाली. "पॅचमध्ये जुन्या फोल्डरांचा पत्ता आहे. तुझ्या मांडणीत फाइल कुठे गेली ते शोधून हाताने लावते. दुपार होईल."

"दुपार? सरक जरा," वेंडेल म्हणाला आणि तिच्या खुर्चीत बसला. एकेका फोल्डरात शिरून तो तीच कमांड मारत सुटला. शेवटी एका ठिकाणी पॅच बिनतक्रार बसला.

"कुठे बसला?"

"बसला ना? स्थळ कसलं विचारतेस, लग्न जमवतोय का आपण?"

मार्लिस दिवसभर त्याच्याशी वाद घालून दमली होती. संध्याकाळी त्या बदलाला मंजुरी द्यायची विनंती आली तेव्हा तिने न बघताच होकार दिला. चाचण्याही पास झाल्या. चालणाऱ्या कोडला कुणी बोटही लावलं नव्हतं, तो नापास कशाला होईल? वेंडेलने सगळ्या ग्राहकांना कळवलं, आता निर्धास्त राहा.

थंडीची लाट आली आणि टेकडीवरच्या वृद्धाश्रमातून ग्लेंडा नावाच्या व्यवस्थापिकेचा फोन आला. "तुम्ही निर्धास्त असाल हो. आमची म्हातारी माणसं ब्लँकेटं गुंडाळून जेवणघरात बसलीत. भट्टी आम्ही हाताने चालू केली म्हणून बरं."

"तुमची भट्टी जुनी असेल," वेंडेल म्हणाला.

"तुमच्याआधी पंचवीस हिवाळे चाललीये ती," ग्लेंडा म्हणाली.

मार्लिसने तो बदल उघडला. पॅच 'जुने'मध्ये लागला होता. "मी मंजूर केलं हे," ती म्हणाली. "माझ्या नावाने."

वेंडेलचा आवाज पहिल्यांदाच उतरला. "लावला मी. मग आता खरी फाइल कुठाय?"

"मला काय विचारतोस? घर तू लावलंयस."

"'गाभा'मध्ये असेल. की 'पाया'मध्ये?" तो डोकं खाजवू लागला. "'गाभा'च्या आतल्या 'पाया'मध्ये, बहुतेक."

तिथे नव्हतीच. शेवटी मार्लिसने आतल्या ओळी शोधून फाइल गाठली. पण पॅचचा अर्धा भाग तिथेही बसेना, कारण साहेबांनी आतली नावंसुद्धा शिस्तीत आणली होती. तो शेजारी बसून कुठल्या नावाचं काय केलं ते आठवत गेला, ती ओळ न् ओळ हाताने लावत गेली. मग तिने उणे तीसची एक चाचणी लिहिली आणि नवं सॉफ्टवेअर सगळीकडे गेलं. ग्लेंडाने कळवलं, भट्टी आपोआप चालतेय. आभार मानायला मात्र ती विसरली.

सोमवारच्या बैठकीत वेंडेलने चूक आपली असल्याचं चक्क कबूल केलं. आम्ही थक्क झालो. मग त्याने उपाय सांगितला: घरांची रिपॉझिटरीही त्याच्याच मांडणीत आणायची, म्हणजे पॅच अडायचाच नाही.

"लाव," मार्लिस म्हणाली. "पण पुढच्या वेळीही ग्लेंडाचा फोन तूच घ्यायचास."

वेंडेलने तो विषय पुढच्या तिमाहीवर ढकलला.