किनारीतलं शिसं

इस्त्री स्कर्टच्या खालच्या किनारीवर अडली आणि टक असा आवाज झाला. चिऊच्या आईने लेकीचा तो स्कर्ट उलटा केला, किनारीवरून बोट फिरवलं. आत कापडात गुंडाळलेली शिशाच्या मण्यांची दोरी होती. पडदा सरळ पडावा, वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या तळाशी घालतात ती. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पडद्यांचं दुकान होतं, तिथे या दोरीची रिळं पडलेली असत. इथे तर तिचे पदरावर पदर भरले होते.

टाके बाहेरून दिसत नव्हते. आधी तिला कौतुकच वाटलं. पोरीचा हात बसला म्हणायचा. मग आज दवाखान्यात वजन करायचा दिवस आहे हे आठवलं आणि तिने इस्त्री उभी करून ठेवली.

चिऊला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस होता. छातीत चिकट कफ साठायचा आणि पोटातले पाचकरस अन्नापर्यंत पोचायचे नाहीत. म्हणून प्रत्येक जेवणाबरोबर कॅप्सूल. त्या चुकल्या तर खाल्लेलं अंगी लागत नसे. अंगात ताकद असेल तरच छाती तग धरेल, असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. आईने ते इतकं मनावर घेतलं की घरात जेवणं हे एक कामच होऊन बसलं. चिऊचं ताट रिकामं झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही, हा घरचा नियम. पडद्यांचे दांडे बसवणारा मामा उष्टा हात वाळवत बसायचा. "चिऊताई, तुझ्या एका घासात माझी एक डुलकी होते," म्हणायचा. वजन वाढलं की टाळ्या. उतरलं की आईचं तोंड एवढंसं.

आता चिऊ मोठी झाली होती, दुकान सांभाळत होती. गिऱ्हाइकं तिच्याकडे बघून म्हणायची, काय गं बांधा तुझा, आम्हालाही सांग काय करतेस ते. चिऊ हसायची. मागे एकदा डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन आणखी उतरलं तर पोटाला नळी बसवून अन्न द्यावं लागेल. तेव्हापासून काट्यावर वजन तेवढंच भरत होतं. कपडे मात्र सैल होत चालले होते. आईने काट्यावर विश्वास ठेवला, कारण तो तिला हवं तेच सांगत होता.

तिने स्कर्टला नीट इस्त्री केली आणि तो खुंटीला अडकवला.

दवाखान्यातल्या बाकावर दोघी नंबराची वाट बघत बसल्या. मग आई म्हणाली, "शिलाई छान झालीय."

चिऊ गुडघ्यांवरून स्कर्ट सारखा करत होती. तिचा हात तिथेच थांबला. "कधी कळलं?"

"सकाळी. इस्त्री अडली."

आईने कॅप्सूलचं विचारलं. चिऊने सांगून टाकलं, कधी घेते, कधी रुमालात गुंडाळून फेकते. सांगता सांगता तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत दोघी थांबल्या. आईच्या ओठांवर बरंच काही आलं होतं, एवढ्या वर्षांचं रांधणं, जागणं, हातापाया पडणं. ते तिने गिळलं.

"का गं?" एवढंच म्हणाली.

"माझा घास कधी माझा नव्हताच, आई. तुझा होता, डॉक्टरांचा होता. मामासुद्धा तो मोजत बसायचा. नाही खाल्लं की तेवढं माझं असायचं. आरशात बघून बरंही वाटायचं. आता तेही वाटत नाही, पण थांबता येत नाही." मग खाली बघत म्हणाली, "सिस्टरना सांगणार आहेस?"

आईने पिशवीतून दोरे कापायची छोटी कात्री काढली आणि दोघींच्या मध्ये बाकावर ठेवली. "उसवायचं तर तू उसव. मी आज आत येत नाही."

"दर वेळी येतेस."

"म्हणूनच."

तिने उसवलं नाही तर काय करायचं, हे आईने ठरवलं नव्हतं. सिस्टरनी हाक मारली. चिऊने कात्री उचलली आणि आत गेली. समोरच्या खिडकीचा पडदा एका बाजूला आखूड होता. आईने तो मनातल्या मनात उसवला, शिवला, पुन्हा उसवला.

चिऊ बाहेर आली तेव्हा स्कर्टची किनार लोंबत होती. मुठीतली दोरी तिने आईच्या हातात दिली. शिसं गरम झालं होतं.

"सिस्टर म्हणाल्या, असं करणारी तू काही पहिली नाहीस. एक जण म्हणे तांब्यावर तांब्या पाणी पिऊन काट्यावर चढायचा." ती किंचित हसली. "डॉक्टर नळीचं बोलणार आहेत. आणि खाण्याबद्दल बोलायला एक बाई आहेत, त्यांच्याकडे जायचंय. मला एकटीला."

वजन किती भरलं, हा प्रश्न आईच्या जिभेवर होता. चिऊ त्याचीच वाट बघत उभी होती. आई खाली वाकली. "किनार लोंबतेय, पाय अडकेल," म्हणाली आणि तिने तिथे पिन लावली.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. आईचं जेवण झालं तशी ती ताट घेऊन उठली. "चल, ऊठ रे," मामाला म्हणाली.

"चिऊताईचं व्हायचंय अजून."

"तिचं ती बघेल."

मामाने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा भाचीकडे. काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून उठला.

पुढच्या खोलीत एक अर्धवट शिवलेला पडदा पडला होता. आईने ती दोरी त्याच्या किनारीत घातली आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून हातशिलाई घालायला बसली. मागे चमच्याचा आवाज आला. मग थांबला. बराच वेळ काहीच ऐकू येईना. तिने मान वळवली नाही. टाका वाकडा पडला. तो तिने तसाच राहू दिला आणि पुढचा घातला.