चाळीस लाख फक्त

अक्षताने दोन्ही आमदारांच्या बशीत मोजून तीन-तीन बिस्किटं ठेवली. उदयसिंहांच्या बशीतलं एक तुटकं निघालं, म्हणून तिने वैजयंतीताईंचंही एक मोडलं.

सोलापुरातली ही संस्था राज्याच्या अर्थसंकल्पाचं टिपण काढून दोन्ही बाजूंच्या आमदारांना एकाच दिवशी पाठवायची. टिपणात विशेषणाला बंदी. प्रमुख मडिवाळप्पा सर 'भरीव', 'तुटपुंजी' असले शब्द लाल पेन्सिलीने खोडायचे. त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर 'शुभविवाह'च्या जागी नुसतं 'विवाह' छापलं होतं.

आजचं भांडण एकाच शब्दाचं होतं. टिपणात उजनीकाठच्या नियोजित पुलाच्या नावापुढे अक्षताने लिहिलं होतं, 'अक्षरी रुपये चाळीस लाख फक्त.' विरोधी बाकावरच्या उदयसिंहांनी सभागृहात ते वाचलं, 'फक्त' दोनदा.

"तो 'फक्त' काढा," सत्ताधारी वैजयंतीताई म्हणाल्या. "न्हायतर आमच्याकडचं कुणी तुमचं टिपण हातात धरणार न्हाय."

"काढून तर बघा की," उदयसिंह चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "मग आमी न्हाय धरत."

चेकवर लिहितात तसा तो रीतीचा शब्द आहे, असं सरांनी दोघांनाही सांगितलं. अक्षता ट्रेकडे बघत राहिली. टिपणातल्या बाकीच्या दोनशे सतरा रकमा आकड्यांत होत्या. अक्षरी एवढी एकच. त्या पुलाच्या पलीकडे तिचं आजोळ होतं, आणि तानाबाई मामी अजून होडीतून बाजाराला यायची. हे कळल्यावर तटस्थ संस्था तिला ठेवणार कशाला?

सुधारित प्रत उद्या मिळेल, या बोलीवर आमदार गेले. सर टिपण चाळत बसले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मग उलट.

"आजोळ कुठलं गं तुझं?"

तिने गावाचं नाव सांगितलं, आणि मामीच्या होडीबद्दलही.

"बरं." त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. "उरलेल्या दोनशे सतराही अक्षरी लिही. 'फक्त'सकट. नियम सगळ्यांना सारखा."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाच मिनिटांच्या अंतराने दोन फोन आले. 'आमदार विश्रामगृहाचे पडदे, अक्षरी रुपये दोन कोटी फक्त' या ओळीतला तेवढा 'फक्त' काढावा, अशी दोघांचीही विनंती होती. संस्थेच्या इतिहासात दोन्ही बाजूंचं एकमत पहिल्यांदाच झालं. एकाचा काढला तर सगळ्यांचा काढावा लागेल, असं सरांनी दोघांनाही त्याच शब्दांत कळवलं.

पुढच्या अधिवेशनात पडदे गायब झाले आणि पूल दोन कोटी चाळीस लाखांवर गेला. अक्षताने ती रक्कम इतक्या आनंदाने टाइप केली, की पुढचा शब्द राहूनच गेला.

सरांची लाल पेन्सिल त्या ओळीवर थांबली. आजवर नुसतं खोडत आलेल्या त्या पेन्सिलीने समासात एक शब्द लिहिला.

'फक्त.'

"मामीला म्हणावं," ते पान उलटत म्हणाले, "होडी इतक्यात विकू नको."