बॅटरीवरची विभूती

पत्र्याच्या शेडसमोर एवढी गर्दी लोटली होती की आश्रुबाअण्णांच्या प्रचारसभेलाही कधी लोटली नसेल. अण्णा जाऊन दोन वर्षं होत आली होती. आत त्यांची जुनी पांढरी अँबॅसिडर उभी होती, बॉनेट उघडं आणि टपावर अण्णांची शाल. कान दिला की बॉनेटखालून बुडबुड ऐकू यायची. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी-निळसर पूड साचलेली. बायका पुसून पुड्या बांधून नेत, तरी पुन्हा उगवायची.

"ऐका!" शिवशंकर महाराजांनी डोळे मिटले. "अण्णा घोरायलेत! देह ठिवला, प्राण गाडीत ठिवला. अन् ही विभूती? बाजारातली न्हाई, थेट कैलासावरून आलीय!"

"वाटंत टोलनाका न्हाई का?" जीपवाला बंकट शेजारच्याच्या कानात पुटपुटला.

"गप बे!"

अण्णांच्या सुनेला, ऋतुजाला, हसू आलं नाही. कडेवरची आरोही तिसरं वर्ष संपत आलं तरी बोलत नव्हती. डॉक्टरांनी कान तपासून घ्या म्हटलं होतं. घरात ते 'बघू'वरच राहिलं. त्याऐवजी सासूबाई चतुराबाईंनी महाराजांचं ऐकलं होतं. आज खंडेनवमी. गाडीच्या पूजेला शेडची दारं लावून कापूर पेटवायचा आणि विभूती पोरीच्या जिभेवर ठेवायची.

गेल्या खंडेनवमीला गाडी सुरूच झाली नव्हती. पूजेसाठी चार जणांनी ढकलत बाहेर काढली, आणि अण्णांच्या गाडीला धक्का मारावा लागला हे ऋतुजाच्या नवऱ्याच्या, युवराजच्या, मनाला फार लागलं. यंदा किल्ली फिरवताच इंजिन बोललं पाहिजे म्हणून त्यानं स्वयंपाकघरातून वायर ओढली, बॅटरीला चार्जर लावला आणि तो कधी काढलाच नाही. "ही अण्णांची नाळ हाय, तोडू नका," असं महाराजांनी बजावल्यावर तर कोणी हातही लावेना.

परळीच्या कॉलेजात ऋतुजानं रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं. शेडमधला सडक्या अंड्यासारखा वास तिला पहिल्यापासून खटकत होता. पण आपलं विसरलंही असेल, उगाच कशाला बोलायचं, असं म्हणत ती गप्प राहिली. मग तिच्या लक्षात आलं, महाराज विभूती बेलाच्या पानानं उचलतात. बोट लावत नाहीत. स्वतःच्या कपाळाला तर कधीच नाही. आणि आज सकाळी धुतलेल्या लुगड्यांच्या घड्या करताना सासूबाईंचा पदर हातात आला. विभूतीची गाठ मारायचा तो कोपरा चाळणी झाला होता.

"दारं लावा! कापूर आणा! द्या पोरगी!"

"आलेच," म्हणत ऋतुजा पोरीसकट घरात गेली. स्वयंपाकघरातलं बटण बंद केलं. खांद्यावर लुगडं टाकून, हातात खायच्या सोड्याच्या पाण्याचा तांब्या घेऊन परतली, तोवर बुडबुड मंदावली होती.

"अण्णा थांबले!" एक बाई किंचाळली.

"अण्णा नाही, चार्जर थांबला. मी बंद केला," ऋतुजा सासूबाईंकडे वळून म्हणाली. "बटणासरशी जाणारा प्राण अण्णांचा कसा असेल, आत्या? आधी दारं सताड उघडा. कापूर पेटवू नका. बॅटरी सारखी चार्ज होत राहिली की आतल्या पाण्यातून हायड्रोजन निघतो. तो बंद शेडमध्ये साठला तर एका ठिणगीनं भडका होईल. आणि ही पूड आम्लानं धातू खाऊन तयार झालीय. तिच्यात शिसं आहे. विष आहे."

"शिकलेली सून! कैलासाला शाळा शिकवती!"

"मग आधी तुम्ही चिमूटभर जिभेवर घ्या, महाराज."

बेलाचं पान त्यांच्या हातात तसंच राहिलं. "माझा... नवरात्राचा उपास हाय."

"विभूतीनं उपास मोडतो व्हय?" आता बंकट मोठ्यानं बोलला. कुणीतरी फिसकन हसलं.

शेडमध्ये वारा खेळू लागल्यावर ऋतुजानं सोड्याचं पाणी खुंट्यांवर ओतलं. विभूती फसफसून फेसाळली. "आम्ल आणि सोडा. बाकी काही नाही." मग तिनं लुगडं पसरलं. "आत्या, हा तुमचा पदर."

चतुराबाईंनी भोकातून बोट घातलं.

"ऋतुजे," त्या हळूच म्हणाल्या, "शुक्रवारी मी पोरीला थोडी चाटवली गं. बोलंल म्हणून."

ऋतुजानं तांब्या बाजूला टाकला. आरोहीचं तोंड उघडून ती जीभ, हिरड्या, गालाची आतली बाजू बघत राहिली. नुसतं बघून काय कळणार होतं? युवराजनं खाली मानेनं चार्जरची वायर बॅटरीवरून उपटली. महाराजांची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. तिकडं कोणी वळून पाहिलं नाही.

"बंकटभाऊ, जीप काढा. अंबाजोगाईला दवाखान्यात न्यायचंय. रक्त तपासायचं आणि कानही." मग ती बायकांकडे वळली. "तुम्ही सगळ्यांनी पुड्या नेल्यात. चुलीत टाकू नका, लेकरांच्या हाती लागू देऊ नका, हात धुवा. पूड आली कुठून, एवढं कुणीतरी विचारायला पाहिजे होतं. मीसुद्धा. विचारल्यानं अण्णांचा अपमान होत नाही. ज्यांनी चाटवली असेल त्यांनी लाजू नका. जीपमध्ये जागा आहे."

सगळ्यांच्या नजरा खाली.

मग मागून एक बाई पोराला छातीशी घट्ट धरून पुढं आली. तिच्यामागं आणखी एक. जीप भरली तरी बायका येतच होत्या.