शेवटची पानं नसलेली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. खरं सांगायचं तर पाऊण कादंबरी. माझी शेवटची पानं मळवलीच्या एका बंगल्यात शेगडी पेटवायला गेली. पाहुण्यांना कणसं भाजायची होती. त्यांना तरी काय बोलायचं?

मला लिहिलं इंदुरीच्या सीताराम भाऊंनी. बापाशी भांडून घर सोडलेल्या तानूची ही गोष्ट. माझी भावंडं, म्हणजे बाकीच्या प्रती, खपली नाहीत, रद्दीत गेली. बंगला विकला तेव्हा मीही अंगणातल्या रद्दीच्या ढिगात येऊन पडले होते, पण शेजारच्या यशोधराने मला उचलून घरी नेलं.

रोज संध्याकाळी ती सासूबाईंना, म्हणजे येसूबाईंना, मला वाचून दाखवायची. येसूबाई तांदूळ निवडत ऐकायच्या. त्यांची लेक स्नेहल स्वतःच्या मनाने लग्न करून गेली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती.

तानू परत येऊन बापाच्या दारात उभी राहिली, आणि मी संपले.

येसूबाई उसळल्या. "आसं मदीच सोडत्यात व्हय? बापानं दार उघाडलं का न्हाई?"

"आत्या, पुढची पानंच नाहीत."

"मग इचार की तुज्या मोबाइलातल्या लोकान्ला! दिसभर त्यांच्याशीच बोलतीस."

यशोधराने वाचकांच्या गटात विचारलं. उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं, पण हजारो लोकांनी आपापले शेवट लिहून टाकले. एका प्रकाशकाने ते पाहिलं, इंदुरीला जाऊन सीताराम भाऊंना गाठलं आणि माझी नवी आवृत्ती जाहीर केली. शेवट मात्र गटात सर्वांना आवडलेला: बाप-लेकीची गळाभेट, वर तानूचं लग्न. पुस्तक परत छापलं जातंय यातच सीताराम भाऊ विरघळले होते. ते हो म्हणाले.

येसूबाईंनी सुनेचा फोन ओढून घेतला आणि गटावर आपला आवाज पाठवला. "भाऊ, तुमी आदी जे लिवलंवतं त्येच द्या. ग्वाड करायला ती काय चिक्की हाय?"

तो आवाज माझ्या गोष्टीपेक्षाही जास्त फिरला. लोक हसले, मग हट्टाला पेटले: भाऊंचाच शेवट हवा! प्रकाशकाला नमतं घ्यावं लागलं. भाऊंनी ट्रंकेतून मूळ हस्तलिखित काढून दिलं.

नवी प्रत घरी आली. यशोधराने शेवट वाचला. बाप दाराच्या आत उभा राहतो. त्याचा हात कडीपर्यंत जातो, पण तो कडी काढत नाही. तानू वाट बघते आणि निघून जाते.

"मेला दगड!" येसूबाई म्हणाल्या. तांदळाचं सूप त्यांनी बाजूला सारलं. मग हळूच म्हणाल्या, "स्नेहलला लाव गं फोन."

पलीकडून "आई?" असं ऐकू आलं. येसूबाईंनी एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

मित्रांनो, हवी ती पुस्तकं जरूर मागा. तुमच्या मागण्यानेच आम्ही रद्दीतून छापखान्यात परत जातो. पण शेवट लेखकाला त्याच्या मनासारखा करू द्या. तो शेवट कुणाच्या घरात उपयोगी पडेल, ते तुम्हालाही ठाऊक नसतं आणि त्यालाही.