तारेच्या टोकाची टोपी

वग्दीच्या घरी सगळं टोपलीतून वर जायचं. पाव, उकडलेल्या घेवड्याचा 'फूल', वर्तमानपत्र, गुडघ्याच्या गोळ्या, एकदा तर जिवंत बदक. पाचव्या मजल्यावरून तो दोरी सोडायचा, खालचा दुकानदार टोपली भरायचा आणि वग्दी ती ओढून घ्यायचा. माणूस तेवढा टोपलीत मावत नव्हता. करमूझ मोहल्ल्यातल्या त्या इमारतीला लिफ्टची खोबण होती. लिफ्ट कुणाच्या पोटात गेली ते मालकालाच ठाऊक. गुडघे गेल्यापासून वर्षभर वग्दी खाली उतरला नव्हता. कहवाखान्यातली त्याची खुर्ची दुसऱ्याच कुणी बळकावली होती.

"मी चाललो," एक दिवस त्यानं शौकीला फोनवर सांगितलं. "पुढच्या शुक्रवारी पोरगा येतोय न्यायला, इहाब. कैरोपलीकडच्या त्यांच्या नव्या वसाहतीत. लिफ्ट आहे म्हणतो. फाटकावर पहारेकरी आहे."

"पहारेकरी तुरुंगालाही असतो," शौकी म्हणाला.

"इथं काय वेगळं आहे? तिथं निदान सूनबाई चहा तरी विचारेल. इथल्या भिंतीसुद्धा मला कंटाळल्यात."

शौकीला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि हा सूनबाईच्या चहाला भुलला. "शुक्रवारपर्यंत दम धर," तो म्हणाला. "आपली बैठक मी तारेनं तुझ्या घरात आणतो. नाही आणली तर जा खुशाल, मी स्वतः तुझी गाठोडी टोपलीतून खाली सोडेन."

शौकी टेलिफोन खात्यात लाइनमन होता. शहराच्या निम्म्या तारा त्याच्या हातून गेल्या होत्या. पदवी वगैरे काही नव्हती. निवृत्तीनंतर त्यानं शुक्रवारच्या भंगार बाजारातून एका जहाज कंपनीनं टाकून दिलेला युनिक्सचा सर्व्हर उचलला, जाड पुस्तक समोर ठेवून, शिव्या घालत घालत तो शिकला. लोक म्हणायचे, शौकीचं डोकं फिरलं. जे स्वतः टीव्हीपुढे मान टाकून घोरतात, त्यांना दुसऱ्याचं जागं डोकं फिरलेलंच दिसतं.

वग्दीला नवं काही द्यायचं नव्हतंच. नव्या संगणकाचं नाव काढलं तरी तो कानावर हात ठेवायचा. पण कुवेतमध्ये गणित शिकवत होता तेव्हा घेतलेला, कीबोर्डवर अरबी अक्षरं असलेला जुना घरगुती संगणक त्याच्याकडे होता. टीव्हीला जोडायचा, चालू करायचा. त्याच्या मागच्या खाचेत बसणारा, तार जोडायचा तुकडाही खोक्यात तसाच पडून होता. आत घातलेल्या कागदासकट. तिसरा गडी लवाहिज. मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. सारी गल्ली तिला अब्ला, म्हणजे ताई, म्हणायची आणि तिच्यासमोर विडी लपवायची. ती शौकीच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. तिच्याकडे डब्यासारखा जुना मॅक संगणक होता. तो साध्या टेलिफोनच्या तारेवर बोलायचा, सर्व्हर जाड काळ्या तारेवर, आणि वग्दीचं यंत्र एकेक अक्षर गिळत. तीन घरं, तीन बोलीभाषा. शौकीनं मध्ये दोन दुभाषे बसवले. एक डबा अब्लासाठी, एक वग्दीकडे.

काळी तार त्यानं आपल्या गच्चीवरून मधल्या इमारतीवरून ओढून वग्दीच्या खिडकीत आणली. अशा तारेच्या दोन्ही टोकांना अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान, पितळेची टोपी लावावी लागते.

"ही कशाला?" वग्दीनं विचारलं.

"नसली तर शब्द टोकावर आपटून उलटे फिरतात आणि मागून येणाऱ्यांच्या उरावर बसतात. कुणालाच काही ऐकू येत नाही. हिला हात लावायचा नाही."

"मी काय लहान मूल आहे?"

पहिल्या दिवशी पडद्यावर नुसता कचरा आला. प्रत्येक यंत्र आपल्या मनानं अलिफला, म्हणजे पहिल्याच अक्षराला, वेगळा आकडा देत होतं. अब्लानं 'शुभ संध्याकाळ' लिहिलं आणि वग्दीकडे कोंबडीनं माती उकरल्यासारखं काहीतरी उमटलं. शौकीनं अक्षरं बदलून देणारा छोटा प्रोग्राम लिहिला. सोमवारी संध्याकाळी वग्दीच्या टीव्हीवर स्वच्छ अक्षरं आली: 'वग्दी, दाढी केलीस का? मुख्याध्यापिका बोलत्येय.'

वग्दीनं गालावरून हात फिरवला. मग एका बोटानं टिपटिप करत लिहिलं: 'अब्ला, तुम्हाला दिसतंय की काय?'

मग ताव्लाचा डाव मांडला. पट तिघांच्या घरी, फासे सर्व्हर टाकणार. वग्दीच्या पटातली एक काळी सोंगटी केव्हाच हरवली होती. तो तिच्या जागी सोड्याच्या बाटलीचं बूच ठेवायचा. पहिलाच डाव हरल्यावर त्यानं लिहिलं: 'सर्व्हर तुझा, फासे तुझे, आणि म्हणे खेळ. चोरा.' शौकी आपल्या खोलीत एकटाच खदखदा हसला. इतक्या दिवसांनी कुणीतरी मनापासून शिवी दिली होती.

मंगळवारी तार मेली.

शौकीनं सर्व्हर तपासला, डबा तपासला. धापा टाकत वग्दीच्या पाच मजल्यांचा जिना चढला. वर सगळं जागच्या जागी होतं. बुधवारी पुन्हा चढला. वग्दी चहा ठेवायचा, बिस्किटं काढायचा आणि शौकी जमिनीवर पालथा पडून तारा उलटसुलट करायचा.

"गुरुवारी येशील ना परत?" वग्दीनं विचारलं.

"गुरुवारी मी मेलेला असेन, तुझ्याच जिन्यात."

तो आपल्या इमारतीत परतला तर खाली अब्लानं त्याला दारातच गाठलं. "शौकी, तू दोन्ही टोकं चाचपडतोयस. मधली गच्ची पाहिलीस?"

"तिथं काय असणार? तार नुसती पडून आहे."

"मी आयुष्यभर वर्गात पाहिलंय. गोंधळ नेहमी मधल्या बाकावर असतो."

मधली गच्ची दसूकीची. धंद्यातला शेठ म्हणून सारे त्याला मुअल्लिम म्हणत. खाली त्याचं खाटकाचं दुकान, वर कबुतरांची ढाबळ. गुरुवारी सकाळी शौकी तिथं पोचला तर ढाबळीमागे त्याची काळी तार कापलेली, मध्ये टीव्हीचा फाटा ठोकलेला, आणि त्यातून निघालेली तिसरी तार सरळ दसूकीच्या खिडकीत उतरलेली.

शौकीनं फाट्यावर बोट ठेवलं. "मुअल्लिम. ही माझी तार कापलीस?"

दसूकी कबुतरांना दाणे टाकत होता. तो उलट त्याच्यावरच उखडला. "तुझी का? बरं झालं आलास. कसली भिकार तार आहे ही? तीन दिवस मी नुसता ठिपक्यांचा बर्फ बघतोय पडद्यावर. मंगळवारी सामना होता, पाहुणे बोलावले होते, कलेजी तळली होती. माझी अब्रू गेली."

"ही डिशची तार नाही."

"काळी आहे, जाड आहे, गच्चीवरून चाललीय. मग कसली?"

"संगणकाची."

"मग तसं लिहायचं तिच्यावर. माझ्या गच्चीवरून तार गेली की त्यात माझा फाटा असतो, हा नियम आहे. तुझ्या बापाच्या काळापासूनचा."

"माझ्या बापाच्या काळात डिश होती?"

"नियम होता."

आपल्याकडे माणूस दुसऱ्याची तार कापतो आणि वर चित्र दिसत नाही म्हणून तक्रार करतो. पण नियम खोटाही नव्हता. शौकीच्या स्वतःच्या टीव्हीचा फाटा खालच्या शिंप्याच्या तारेतून आला होता, आणि शिंप्यानं त्याला कधी हटकलं नव्हतं. म्हणून त्यानं खिशातून पक्कड काढली. "वग्दीसाठी आहे ती तार," तो म्हणाला. "उद्या त्याचा पोरगा त्याला घेऊन जाणार. आज बैठक जमली नाही तर गेला."

"कोण, पाचव्या मजल्यावरचा उस्ताद?" दसूकीनं दाण्यांची वाटी खाली ठेवली. "माझ्या थोरल्याला गणितात त्यानंच ढकलत पास केलं. आधी का नाही बोललास? आण ते टोक इकडे."

खाटकाची बोटं जाड, पण तार सोलायला हलकी निघाली. संध्याकाळी तो कलेजीच्या सँडविचांची पिशवी घेऊन स्वतःच वग्दीचे पाच मजले चढला. ज्या वाहिनीपायी आपण तीन दिवस बर्फ बघितला, ती आहे तरी कसली हे त्याला पाहायचंच होतं. शौकीनं बटण दाबलं आणि पडद्यावर अब्लाची अक्षरं आली: 'कुणी आहे का?'

'आहोत,' वग्दीनं लिहिलं. 'मी, शौकी आणि मुअल्लिम दसूकी. कलेजी खातोय.'

मग आलं: 'म्हणजे तुम्ही सगळे तिथं, आणि मी इथं भिंतीशी बोलत्येय.' त्यानंतर अक्षरं थांबली, आणि तिसऱ्या सँडविचला दारावर थाप पडली. अब्ला उभी होती, काठी टेकत, चेहरा लालबुंद.

"चढवलं का तुम्हाला?" दसूकीनं खुर्ची पुढे केली.

"जिना आहे, हिमालय नाही," अब्ला म्हणाली, आणि बसल्यावर थोडी ओशाळली. कारण खरं तेच होतं. गुडघे वग्दीचे गेले होते, बाकी कुणाचे नाही. वर्षभर त्या सगळ्यांनी पाच मजल्यांचं निमित्त केलं होतं. शौकीला ते उमगलं आणि त्यानं हातातलं सँडविच खाली ठेवलं. तार ओढायला त्याला गच्च्या पालथ्या घालता आल्या, रोज जिना चढायला मात्र तार मरावी लागली.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर इहाब आला. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. दार उघडंच होतं. आत दसूकी फासे खुळखुळवत होता, अब्ला त्याला फासे कसे धरायचे ते सुनावत होती, आणि शौकी डब्याजवळ पालथा पडून घामाघूम झाला होता. तार सकाळपासून पुन्हा मेली होती. इहाबला बसायला जागा नव्हती. तो संगणकाच्या खोक्यावर टेकला.

"बाबा, सामान बांधलं नाही?"

"कसं बांधू?" वग्दी म्हणाला. "तार बिघडलीय. हे लोक रोज येतात दुरुस्त करायला. मी गेलो तर दार कोण उघडणार?"

"अम्मू शौकी, केव्हा होईल दुरुस्त?" इहाबनं शौकीकाकाला विचारलं.

शौकीनं मान वर केली. आपला शब्द बुडाला, हे त्याला कबूल करायचं होतं. तेवढ्यात त्याची नजर ताव्लाच्या पटावर पडली. वग्दीच्या काळ्या सोंगट्यांत सोड्याचं बूच नव्हतं. त्याच्या जागी अंगठ्याच्या पेराएवढी, पितळेची एक टोपी ऐटीत उभी होती.

शौकी हळूच उठून बसला. वग्दी पटाकडे बघत राहिला, पण त्याचे कान तांबडे झाले.

"वग्दी," शौकी म्हणाला, "ती टोपी दे इकडे."

"डाव चालू आहे. माझी सोंगटी आहे ती."

"बूच कुठंय तुझं?"

"हरवलं."

अब्लानं टोपीकडे पाहिलं, मग वग्दीकडे, मग छडी शोधावी तशी काठी चाचपली आणि हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला. दसूकीला काहीच कळलं नाही. "टाका हो फासे," तो म्हणाला.

"अम्मू, मी विचारलं, केव्हा होईल?" इहाबनं पुन्हा विचारलं.

"बेटा, जुनं सामान आहे," शौकी म्हणाला. "आज जोडलं की उद्या सुटतं. रोज कुणीतरी यावं लागेल."

इहाबनं खोलीभर नजर फिरवली. मग गाडीची किल्ली खिशात टाकली आणि दसूकीच्या पिशवीतलं उरलेलं एक सँडविच उचललं. "चहा आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे ना," वग्दी म्हणाला. त्यानं फासे टाकले आणि सहाची जोडी पडली म्हणून पितळेची टोपी उचलून त्यानं ती शौकीच्या नाकासमोरून ठक ठक करत पटावरच्या आपल्या घरात नेली.